खुर्च्या मोजल्या, हवेचे काय?

दादरला प्लाझासमोरून जाताना मान वर करून शिवाजी मंदिराचे फलक वाचायचे, शनिवारी दुपारी काय आहे आणि रविवारी रात्री काय हे मनात टिपून ठेवायचे, ही त्या भागातल्या कित्येकांची जुनी सवय. १३ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून ती मोडली. महाराष्ट्र सरकारने १८९७ चा साथरोग प्रतिबंधक कायदा लागू केला आणि मुंबईतील नाट्यगृहे, चित्रपटगृहे, व्यायामशाळा, जलतरण तलाव बंद झाले. हा कायदा मुळात मुंबईतल्याच प्लेगच्या साथीमुळे जन्माला आलेला. त्याच साथीवर लस शोधणाऱ्या हाफकिन यांच्या नावाची संस्था आजही परळला उभी आहे.

बंदी उठली ती ५ नोव्हेंबर २०२० रोजी. योगायोग असा, की तो दिवस मराठी रंगभूमी दिनाचा होता. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले, त्याची ही आठवण. सरकारने परवानगी दिली, पण निम्म्याच खुर्च्यांची. त्या दिवशी पूजा झाल्या, नारळ फुटले. तिसरी घंटा मात्र वाजली नाही. व्यावसायिक नाटकांचे प्रयोग सुरू व्हायला डिसेंबर उजाडला. एकपडदा चित्रपटगृहांपैकीही अनेकांनी परवानगी हातात असून दारे लगेच उघडली नाहीत.

परवानगी मिळूनही दार बंद का राहते, आणि उघडायचेच ठरवले तर प्रेक्षकाच्या जिवाची हमी कशावर द्यायची, या दोन प्रश्नांची सांगड घालणे हे महासाथीतले सगळ्यात अवघड काम होते. ते गिरगावच्या साहित्य संघापासून फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डपर्यंत सगळ्यांच्या वाट्याला आले.

निम्म्या खुर्च्यांचे गणित

एक साधा हिशेब मांडून पाहू. समजा, नाट्यगृहात ८०० खुर्च्या आहेत आणि तिकिटाची सरासरी ३०० रुपये. हाऊसफुल्ल प्रयोगाचे उत्पन्न २ लाख ४० हजार. समजा, प्रयोगाचा सगळा खर्च १ लाख ४० हजार. एरवी ४७० तिकिटे गेली की खर्च निघतो. निम्म्या खुर्च्यांचा नियम आला की ४०० च्या वर तिकीट विकताच येत नाही. म्हणजे एकही खुर्ची मोकळी न राहता, बाहेर ‘हाऊसफुल्ल’ची पाटी लावूनसुद्धा निर्मात्याला २० हजारांचा तोटा.

खुर्च्या निम्म्या झाल्या तरी खर्च निम्मा होत नाही, ही इथली मेख आहे. नाट्यगृहाचे भाडे तेच, वर्तमानपत्रातली जाहिरात तीच, नेपथ्य वाहून नेणारा टेम्पो तोच. कमी करता येण्याजोग्या गोष्टी दोनच: भाडे आणि कलावंतांची ‘नाईट’. म्हणूनच त्या काळात निर्माते भाडेसवलतीची मागणी लावून धरत होते. पण नाईट कमी करायची म्हणजे कुणाची? मालिकेत काम असलेला नट तग धरू शकतो. पडदा ओढणारा, प्रकाशयोजना सांभाळणारा, कपडेपटाची इस्त्री करणारा, रंगभूषा करणारा माणूस प्रयोगाच्या पैशांवर घर चालवतो. प्रयोग नाही तर पैसे नाहीत. टाळेबंदीत नाट्य परिषदेसह अनेकांनी या रंगमंच कामगारांना मदत केली, पण मदतीवर महिना निघतो, वर्ष निघत नाही.

आणि काळ वर्षाहून मोठा निघाला. पहिली बंदी सुमारे २३६ दिवसांची. मग दुसरी लाट आली. एप्रिल २०२१ च्या सुरुवातीला मुंबईत एका दिवसात ११ हजारांच्या वर रुग्ण नोंदले गेले आणि ५ एप्रिलला नाट्यगृहे पुन्हा बंद झाली. ती उघडली २२ ऑक्टोबर २०२१ रोजी, म्हणजे २०० दिवसांनी, पुन्हा निम्म्याच खुर्च्यांवर. पूर्ण क्षमतेने तिकीट विकण्याची मुभा मुंबईला मिळाली ती ४ मार्च २०२२ रोजी.

मनातल्या मनात किंचाळा

याच २२ ऑक्टोबरला महाराष्ट्रातल्या मनोरंजन उद्यानांनाही हिरवा कंदील मिळाला. पाण्यातले खेळ मात्र तेव्हा वगळले होते. मुंबईकरांना जवळचे असलेले खोपोलीचे इमॅजिका हे त्यातले मोठे नाव. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या उद्यानाच्या कंपनीवर हजार कोटींच्या वर कर्ज होते. असे उद्यान बंद असले तरी पाळण्यांची देखभाल करावी लागते, राखण करावी लागते, व्याजाचे मीटर तर थांबतच नाही. २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने ही कंपनी ताब्यात घेतली. कर्जाचे दुखणे महासाथीच्या आधीचे होते. बंदीच्या काळात ते आणखी असह्य झाले, एवढेच.

जगभरच्या उद्यानांनी हा पेच वेगवेगळ्या तऱ्हेने सोडवायचा प्रयत्न केला. शांघायचे डिस्नेलँड ११ मे २०२० रोजी उघडले ते ३० टक्क्यांहून कमी गर्दीवर. फ्लोरिडातले डिस्ने वर्ल्ड ११ जुलैला उघडले. दुसऱ्याच दिवशी त्या राज्याने १५,२९९ नव्या रुग्णांची नोंद जाहीर केली. हाँगकाँगचे उद्यान जूनमध्ये उघडून जुलैत पुन्हा मिटले. कॅलिफोर्नियातले डिस्नेलँड तिथल्या राज्य सरकारच्या निर्बंधांमुळे दीर्घकाळ बंद राहिले आणि ३० एप्रिल २०२१ रोजी उघडले. दरम्यान, सप्टेंबर २०२० मध्ये कंपनीने २८ हजार कर्मचाऱ्यांच्या कपातीची घोषणा केली. लवकर उघडण्याची किंमत एका बाजूला आणि उशिरा उघडण्याची दुसऱ्या बाजूला, अशी ही जमाखर्चाची वही होती.

जपानमधली गोष्ट सगळ्यांत बोलकी. तिथल्या उद्यानचालकांच्या संघटनांनी रोलर कोस्टरवर ओरडू नका, असा सल्ला दिला. फुजी-क्यू हायलँड या उद्यानाच्या दोन अधिकाऱ्यांनी मास्क लावून, तोंडातून चकार शब्द न काढता उंच पाळण्याची फेरी मारून दाखवली आणि चित्रफितीच्या शेवटी संदेश दिला: मनातल्या मनात किंचाळा. जगाला हसू आले. पण सल्ल्यामागचे विज्ञान खरे होते. माणूस जितक्या मोठ्याने आवाज काढतो, तितके अधिक सूक्ष्म कण त्याच्या तोंडातून बाहेर पडतात, हे महासाथीच्या आधी, २०१९ मध्येच प्रयोगांनी दाखवले होते.

रोलर कोस्टरवरची किंकाळी निदान मोकळ्या हवेत विरून जाते. नाट्यगृहातले हसू बंद खोलीत राहते.

सहा फुटांचा अंदाज चुकला

साथीच्या सुरुवातीला सगळा भर थेंबांवर होता. खोकताना, शिंकताना उडणारे मोठे थेंब एक-दोन मीटरांत जमिनीवर पडतात. म्हणून ‘दो गज की दूरी’, म्हणून एकाआड एक खुर्ची. शेजारची खुर्ची रिकामी ठेवली की दोन माणसांत साधारण मीटरभर अंतर राहते.

पण १० मार्च २०२० रोजी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट परगण्यात एका गायनवृंदाची अडीच तासांची तालीम झाली. हजर होते ६१ जण. त्यांतल्या ५३ जणांना लागण झाल्याचे निश्चित झाले किंवा तसा दाट संशय राहिला, दोघे दगावले. एका माणसाच्या थेंबांनी एवढ्या मोठ्या खोलीतल्या इतक्यांना गाठणे शक्य नव्हते. चीनमधल्या ग्वांगझू शहरात त्याआधी, जानेवारीत, एका उपाहारगृहात एकाच रांगेतल्या तीन टेबलांवरच्या तीन कुटुंबांतले १० जण बाधित झाले होते. एसीचा झोत त्याच रांगेत फिरत होता आणि बाहेरची हवा आत येत नव्हती.

यातून चित्र स्पष्ट होत गेले. बोलताना, हसताना, गाताना बाहेर पडणारे काही कण इतके बारीक असतात, की ते उदबत्तीच्या धुरासारखे हवेत तरंगत राहतात. खोली बंद असेल तर ते साचत जातात. मग धोका ठरतो तो हवेत ते किती साचले आणि तुम्ही त्या हवेत किती वेळ बसलात यावर. शेजारी किती लांब आहे, याला त्या मानाने कमी महत्त्व उरते. जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून जागतिक आरोग्य संघटनेचे याकडे लक्ष वेधले. भारतात केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने मे २०२१ मध्ये खिडक्या-दारे उघडी ठेवण्याचे, हवा खेळती ठेवण्याचे आवाहन केले आणि हे कण १० मीटरपर्यंत जाऊ शकतात, असे सांगितले.

या नजरेने अडीच-तीन तासांच्या नाटकाकडे पाहावे लागते. विनोदी नाटक असेल तर सभागृह दर मिनिटाला हसणार. रंगमंचावरचा नट मास्क लावू शकत नाही. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचवण्यासाठी तो आवाज चढवणार. ध्वनी बाहेर जाऊ नये आणि बाहेरचा आत येऊ नये म्हणून दारे घट्ट लावलेली. नाटक चांगले ऐकू यावे यासाठी सभागृहात जे जे केलेले असते, ते हवेच्या दृष्टीने अडचणीचे ठरते.

नियमात काय होते?

केंद्र सरकारने ६ ऑक्टोबर २०२० रोजी चित्रपटगृहांसाठी जाहीर केलेली नियमावली आज पुन्हा वाचण्यासारखी आहे. आसने ५० टक्क्यांहून अधिक नकोत. एसीचे तापमान २४ ते ३० अंश, आर्द्रता ४० ते ७० टक्के. खेळांच्या वेळा पुढेमागे. प्रेक्षकांचे संपर्क क्रमांक नोंदवून घ्यावेत. हवेविषयीही नियम होता: आतलीच हवा पुन्हा फिरवणे शक्य तितके टाळावे, बाहेरची ताजी हवा शक्य तितकी घ्यावी.

‘शक्य तितकी’ म्हणजे किती, हे त्यात नव्हते. खुर्च्यांना आकडा होता, तापमानाला आकडा होता, हवेला नव्हता. ज्याला आकडा असतो तेच तपासले जाते. रिकाम्या खुर्चीवर लावलेली पट्टी कुणालाही दिसते. छतावरच्या यंत्राच्या खोलीत ताजी हवा घेणारी झडप उघडी आहे की बंद, हे तिकीट काढणाऱ्याला दिसत नाही.

आणि पैसा व सुरक्षितता यांची खरी टक्कर नेमकी त्या झडपेपाशी होते. मुंबईची बाहेरची हवा उष्ण आणि दमट. ती आत घेऊन थंड आणि कोरडी करायची तर वीज जास्त लागते. आतलीच थंड हवा पुन्हा पुन्हा फिरवणे स्वस्त पडते. निम्म्या उत्पन्नावर सभागृह चालवणाऱ्या व्यवस्थापकाने वीजबिल कमी करण्यासाठी झडप मिटली, तर खुर्च्या निम्म्या करून कमावलेली सुरक्षितता तो मागच्या दाराने गमावतो.

हवा मोजायची कशी?

मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक आकडा दिला: सार्वजनिक बंदिस्त जागेत दर माणशी दर सेकंदाला १० लिटर ताजी हवा. ८०० प्रेक्षकांच्या सभागृहाला सेकंदाला ८ हजार लिटर, म्हणजे ८ घनमीटर. यंत्रे तेवढी हवा देत असतील आणि प्रेक्षक निम्मे बसवले, तर प्रत्येकाच्या वाट्याला दुप्पट हवा येते. पण ताजी हवा शून्याच्या जवळ असेल, तर प्रेक्षक निम्मे करून सभागृह कोंदट व्हायला लागणारा वेळ तेवढा वाढतो. कोंदटपणा टळत नाही.

हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. आपण सोडलेल्या श्वासात सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. मोकळ्या हवेत त्याचे प्रमाण दशलक्षात ४२० भागांच्या आसपास. सभागृहातला आकडा जितका चढेल तितकी तिथली हवा ‘उष्टी’. दर माणशी १० लिटरचा हिशेब पाळला जात असेल, तर शांत बसलेल्या प्रेक्षकांच्या सभागृहात आकडा साधारण ९०० च्या घरात राहतो. तेव्हा ८० श्वासांतला एक श्वास दुसऱ्या कुणाच्या तरी फुप्फुसातून आलेला असतो. आकडा २००० वर गेला की दर पंचविसाव्या श्वासाची तीच गत. हे मोजणारे हातात मावणारे यंत्र काही हजार रुपयांत मिळते. मास्क किंवा गाळण्यांनी किती कण अडवले, हे ते सांगत नाही. पण झडप उघडी आहे की नाही याची चुगली ते नक्की करते.

सभागृहे उघडून धोका आटोक्यात ठेवता येतो का, याची परीक्षाही झाली. जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये ऑगस्ट २०२० मध्ये सुमारे १,४०० स्वयंसेवकांना घेऊन मुद्दाम एक मैफल भरवली गेली. त्या अभ्यासातून पुढे आले, की वायुवीजन चांगले असेल तर धोका बराच उतरतो आणि वाईट असेल तर झपाट्याने चढतो. स्पेनमधल्या बार्सिलोनात १२ डिसेंबर २०२० रोजीच्या प्रयोगात त्याच दिवशी चाचणी केलेले ४६५ जण एन-९५ मास्क लावून, हवा सुधारलेल्या सभागृहात, एकमेकांत अंतर न ठेवता मैफलीला गेले. नंतर त्यांच्यातला एकही बाधित निघाला नाही. मैफलीला न गेलेल्या ४९५ जणांच्या तुलनेच्या गटात दोघे निघाले. अभ्यास छोटा होता आणि चाचणीची चाळणी आधी लावलेली होती, हे ध्यानात ठेवून त्याकडे पाहायला हवे. तरी चाचणी, मास्क आणि हवा या तिन्ही गोष्टी जमून आल्या तर अंतराशिवायही कार्यक्रम होऊ शकतो, एवढे त्याने दाखवले.

थांबणे कुणाला परवडते?

धोका सगळ्यांना सारखा नव्हता आणि थांबण्याची ऐपतही सारखी नव्हती. २०२० च्या उन्हाळ्यात चित्रीकरणाला परवानगी देताना राज्य सरकारने ६५ वर्षांवरील कलावंतांना सेटवर मनाई केली होती. हेतू त्यांना जपण्याचा. पण सत्तरीतले एक कलाकार मुंबई उच्च न्यायालयात गेले: छोट्या भूमिकांवर पोट भरणाऱ्याने घरी बसून खायचे काय? ऑगस्टमध्ये न्यायालयाने ही अट रद्द केली. इतर व्यवसायांतल्या ज्येष्ठांना अशी बंदी नसताना कलावंतांनाच का, हा प्रश्न रास्त होता.

त्याच सप्टेंबरमध्ये साताऱ्याला एका मालिकेच्या चित्रीकरणादरम्यान ज्येष्ठ अभिनेत्री आशालता वाबगावकर यांना लागण झाली. त्यांच्यासोबत चमूतले इतरही अनेक जण बाधित झाले. ‘मत्स्यगंधा’ या संगीत नाटकातल्या सत्यवतीने महाराष्ट्राच्या मनात घर केलेल्या आशालताबाई २२ सप्टेंबर २०२० रोजी गेल्या. त्या ७९ वर्षांच्या होत्या. काम करण्याचा हक्क आणि सुरक्षित जागी काम करण्याचा हक्क या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडता येत नाहीत. पहिला न्यायालयाने दिला. दुसरा देणे ज्यांच्या हाती जागा आहे त्यांचे काम.

लालबागमध्ये त्या वर्षी वेगळा निर्णय झाला. १९३४ पासून गणेशोत्सव करणाऱ्या लालबागचा राजा मंडळाने २०२० मध्ये मूर्तीच बसवली नाही. त्याऐवजी आरोग्योत्सव केला, रक्तदान आणि प्लाझ्मादानाची शिबिरे भरवली. हा निर्णय मोठाच होता. पण मंडळ एक वर्ष थांबू शकते, पुढच्या वर्षी भक्त परत येतात. रंगमंच कामगाराला वर्षभर थांबायला सांगायचे, तर त्याच्या चुलीची सोय कुणीतरी करावी लागते. ती सोय नसेल तर ‘उघडायचे की नाही’ हा प्रश्न आरोग्याचा उरत नाही, भुकेचा होतो.

दुसऱ्या लाटेचे खापर नाट्यगृहांवर फोडणेही बरोबर नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये लोकल ठरावीक वेळांत सर्वांसाठी खुल्या झाल्या होत्या, बाजार, लग्ने, कार्यालये सुरू होती. त्या गर्दीत निम्म्या खुर्च्यांवर चाललेले मोजके प्रयोग ते काय!

आता पुन्हा बांधताना

हे सगळे आज उगाळायचे कारण, मुंबईतली जुनी नाट्यगृहे नव्याने उभी राहत आहेत. माटुंग्याच्या यशवंत नाट्यमंदिराचा पडदा डागडुजीनंतर २०२४ मध्ये पुन्हा वर गेला. प्रभादेवीचे रवींद्र नाट्यमंदिर २०२५ मध्ये नूतनीकरणानंतर खुले झाले. कामगारवस्तीत १९२२ मध्ये उभे राहिलेले परळचे दामोदर नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्बांधणीसाठी बंद झाले. नवे नाट्यगृह केवढे आणि कुठे, यावरून कलावंतांनी आवाज उठवला. अशा वेळी चर्चा होते ती आसनसंख्येची, रंगमंचाच्या खोलीची, ध्वनीची, वाहनतळाची, स्वच्छतागृहांची. सगळे मुद्दे रास्तच. त्या यादीत हवेची ओळ घालण्याची हीच वेळ आहे. भिंती बांधून झाल्यावर हवेच्या वाहिन्या बसवणे दुप्पट खर्चाचे आणि तिप्पट त्रासाचे असते.

आराखड्यात मागण्यासारख्या गोष्टी मोजक्या आहेत. दर माणशी ताजी हवा किती, हा आकडा लेखी असावा. हवा गाळणाऱ्या जाळ्या बारीक असाव्यात आणि त्या बदलल्याची तारीख नोंदलेली असावी. मध्यंतरात सगळी दारे उघडून हवा बदलता येईल, अशी सोय असावी. रंगपटाचाही विचार व्हावा. आठ-दहा माणसे तासन्‌तास बसतात ती ही खोली बहुधा सगळ्यात कोंदट असते. आणि प्रेक्षकाला दिसेल अशा जागी कार्बन डायऑक्साइडचा आकडा दाखवणारे छोटे यंत्र टांगलेले असावे.

याचा उपयोग पुढच्या साथीपुरता नाही. क्षयरोग हवेतूनच पसरतो, गोवर हवेतून पसरतो, दर पावसाळ्यात येणारा फ्लूही. कोंदट सभागृहात तिसऱ्या अंकाला येणारी पेंग आणि डोकेदुखी यांचा दोष दरवेळी नाटककाराचा नसतो.

प्रेक्षकालाही थोडे करता येते. सर्दी-ताप असेल तर तिकिटावर पाणी सोडून घरी राहावे. साथ वाढलेली असेल तर बंद सभागृहात नीट बसणारा एन-९५ मास्क लावावा. ज्येष्ठांनी वेळच्या वेळी लस घ्यावी. आणि सभागृह कोंदट वाटले, तर जसे आपण आवाज नीट येत नसल्याची तक्रार करतो, तशी हवेची तक्रार व्यवस्थापकाकडे करावी. तक्रारवहीत ती ओळ दहा जणांनी लिहिली, तर यंत्राच्या खोलीतली झडप कुणीतरी जाऊन उघडेल.